गावपळणीतली चूल

सासूबाई खोपीत नव्हत्या. मी तव्यावरची भाकरी उलथून मागं पाहिलं, तर त्यांचं कांबळं नीट घडी घालून ठेवलेलं आणि त्यावर पानाचा डबा. पानाचा डबा सोडून ही बाई शेजारच्या खोपीतसुद्धा जायची नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. शेजारच्या शेवंताला विचारलं, तर ती म्हणाली, गेली असेल व्हाळावर, म्हातारं माणूस, वेळ लागतो. व्हाळ म्हणजे ओढा. मी तवा उतरवला, भाकरी तशीच टोपलीत टाकली आणि घागर घेऊन व्हाळावर गेले.

व्हाळाच्या अलीकडं आम्ही होतो आणि पलीकडं आमचं गाव, पावणखोल. गावात त्या दिवशी कोणीही नव्हतं. असू नये, असाच नियम. या गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली, पण गावपळण तेव्हा होती तशीच आजही आहे. दर काही वर्षांनी देवाला कौल लावायचा, देवानं उजवा दिला की सगळ्या गावानं घरांना कड्या घालून शिवेबाहेर पडायचं. गुरं, शेरडं, कोंबड्या, कुत्री-मांजरं सगळी बरोबर. तीन दिवस, तीन रात्री माडाच्या झापांच्या खोपी बांधून राहायचं आणि तेवढ्या दिवसांत गाव देवाचं. रवळनाथ म्हणे आपल्या भुताखेतांना घेऊन आनंदानं वाड्यावाड्यांतून फिरतो, घराघरांत डोकावतो. तेव्हा कोणी शिवेआत पाय टाकला तर त्याच्या घरात दिवा लावायला माणूस उरत नाही, असं सांगत.

मी आजऱ्याकडची, घाटावरची. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि ही माझी पहिलीच गावपळण. मला तर बाई जत्रेला आल्यासारखंच वाटत होतं. रोज मासे, रोज भजन, सारवण नाही की झाडलोट नाही. पहिल्याच दिवशी मी हसत म्हणून गेले, तुमच्या देवालाही माणसांचा कंटाळा येत असणार. त्यावर सासूबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, की रात्रीपर्यंत मी तोंड उघडलं नाही.

सासूबाईंचं नाव भागीरथी राऊळ. गाव त्यांना भागीकाकी म्हणायचं. सोवळं-ओवळं, देवाचा मान, सणवार सगळं त्यांना विचारून चालायचं. गाव सोडायच्या दिवशी आमची मांजर माळ्यावर जाऊन बसली होती, तर तिला खाली उतरवून टोपलीत बांधेपर्यंत त्यांनी उंबरा ओलांडला नाही. जीव म्हणून गावात राहता कामा नये, हे त्यांचं म्हणणं.

आणि तीच बाई मला व्हाळाच्या पलीकडं दिसली. पोफळीच्या बागेतून, वाकून, लुगड्याचा ओचा धरून ती गावाकडं चालली होती. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली असती तर सगळ्या गावानं पाहिलं असतं. शिवाय त्यांना कमी ऐकू यायचं. बघता बघता ते लाल लुगडं झाडांआड गेलं.

देवाची भीती मला नव्हती, खोटं कशाला सांगू. मला भीती होती ती डोक्यावरच्या कड्याची.

आमच्या घरांच्या बरोबर वर वाघबिळीचा कडा. तो शिवेपलीकडं, शेजारच्या गावच्या हद्दीत, पण त्याच्या पोटातून येणारी झर आमची. तिच्यावर गावाच्या माडा-पोफळी, विहिरी, सगळं. त्या डोंगरात लोखंडाची माती निघाली आणि कंपनीची खाण आली. तालुक्याला सुनावणी झाली तेव्हा मीही गेले होते. मंडप, पंखे, बुंदीचे लाडू. एक साहेब तासभर बोलला. देशाला लोखंड पाहिजे, गावाला रोजगार पाहिजे आणि हे सगळं होणार शाश्वत विकासाच्या मार्गानं. शाश्वत हा शब्द तो इतक्यांदा बोलला, की आमच्या वाडीतल्या पोरांनी एका कुत्र्याचं नाव शाश्वत ठेवलं. सासूबाई त्या मंडपात उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकच विचारलं, कडा गेला तर झर कुठं जाणार. साहेब म्हणाला, आजी, त्याचा अभ्यास झालाय. मग दुसरा कोणी तरी उठून रस्त्याचं बोलायला लागला.

सरकारनं परवानगी देताना एक अट घातली होती. घरांपासून अमुक अंतराच्या आत, घरांत माणसं असताना सुरुंग लावायचा नाही. वाघबिळीचा कडा नेमका त्या अंतराच्या आत. त्यामुळं कंपनी सगळीकडून डोंगर खात आली आणि कड्यापाशी येऊन अडली. खरी माती म्हणे कड्याच्याच मागं होती. गावकरी निम्मे खाणीवर डंपर चालवायचे, निम्मे शिव्या द्यायचे, आणि शिव्या देणाऱ्यांतल्याही निम्म्यांची पोरं डंपरवर होती. माझे मालक, लवू राऊळ, स्वतः सुरुंगाच्या टोळीत. भोकं पाडायची, दारू भरायची, लाल निशाण घेऊन उभं राहायचं. घरात मायलेकांत त्यावरून बोलणं नसायचं. नसायचं म्हणजे अगदीच नसायचं.

मग कंपनीच्या ओझासाहेबाला कोणी तरी गावपळणीचं सांगितलं. परप्रांतातला माणूस, पण हुशार. तो थेट सोमादादा परबांकडं आला. सोमादादा गावचे पहिले मानकरी, देवाकडं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. साहेबानं विचारलं, तीन दिवस गाव रिकामं असतं हे खरं का. सोमादादांना त्यात कंपनीचं काही दिसलंच नाही, त्यांना दिसला देवाचा मान. छाती पुढं काढून ते म्हणाले, "गावात मुंगी रवणा नाय, साहेब. आमच्या बापजाद्यांपासून कोणी रवलो नाय." साहेबानं मान डोलावली. झालं. घरं रिकामी, म्हणजे अट आपोआप पाळली गेली. गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, कडा उडवायचा ठरला. लोकांना कळलं तेव्हा कुरबुर झाली, पण देव गावात असताना गावाबद्दल भांडायला गावात जाता येत नव्हतं.

हा तो दुसरा दिवस. ऊन चढत होतं, आणि सासूबाई त्या कड्याखालच्या घराकडं चालल्या होत्या.

मी घागर तिथंच टाकली आणि सोमादादांच्या खोपीकडं पळाले. ते खाटेवर बसून मोबाइलवर बोलत होते, पलीकडून ओझासाहेब असणार. "होय होय, बिनधास्त. मी शबूद दिलो ना. गावात माणूस म्हणून नाय." माझ्या ओठावर आलं होतं, आहे, माझी सासू आहे. पण खोपीभोवती दहा माणसं बसलेली. मी बोलले असते तर पुढं काय झालं असतं, ते मला त्यांच्या तोंडांकडं बघूनच कळलं. पहिल्यांदा कोणी विश्वास ठेवला नसता. भागीकाकी आणि गावपळण मोडील? मग ठेवला असता, आणि आमच्या घराला जन्माचं वाळीत टाकलं असतं. आणि तिला आणायला शिवेआत गेलं कोणीच नसतं. मी तशीच मागं फिरले. शेवंताला सांगितलं, भांडी घासून येते, आणि व्हाळाच्या वळणावर, जिथून खोपी दिसत नाहीत, तिथून पाण्यात शिरले.

पलीकडच्या काठाला पाय लागला आणि माझी ऐट उतरली. देवाची भीती नाही म्हणणारी मी, पण त्या पोफळीत शिरताना माझ्या अंगावर सरसरून काटा आला. रोजची वाट, पण कोंबडा नाही, कुत्रं नाही, कुणाच्या खोकण्याचा आवाज नाही. विहिरीवरचा रहाट गप्प. घरांच्या कड्या घातलेल्या, अंगणं झाडून ठेवलेली, तुळशीपुढं कालच्या काजळीचा डाग. पायाखालचा पाला वाजला तरी मी दचकत होते. मला वाटायला लागलं, प्रत्येक बंद दाराच्या फटीतून कोणी तरी बघतंय. मी मान खाली घातली आणि राम राम म्हणत चालले. घाटावर आमच्या आजीनं शिकवलेलं एवढंच मला आठवत होतं.

नाईकांच्या घराशी आले आणि वर भोंगा वाजला. लांब, चढत जाणारा. रोज खाणीकडून ऐकू यायचा, पण डोक्यावर कधी वाजला नव्हता. पहिला भोंगा म्हणजे सगळ्यांनी लांब जा. दुसरा म्हणजे वायर जोडली. तिसरा म्हणजे आता. मी पळत सुटले.

आमच्या घराची कडी काढलेली होती. आत अंधार. सासूबाई चुलीसमोर बसल्या होत्या. चुलीत सुकी लाकडं, वर करवंट्या, बाजूला नारळाच्या ओल्या सोडणांचा ढीग. आणि पुढ्यात न पेटवलेल्या काड्या मोडून पडलेल्या. त्या एक काडी काढायच्या, पेटीला लावायला जायच्या, आणि त्यांचा हात इतका थरथरायचा, की काडी मोडायची. घामानं चोळी भिजली होती. मी खांद्याला हात लावला तर त्या किंचाळल्या. त्यांना वाटलं असणार, देवच आला.

"आई, उठा," मी त्यांच्या कानाशी ओरडले. "भोंगा झाला. वर सुरुंग भरलेत."

त्यांनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा आणखीच पडला. "तू कित्याक इलंस गो? माका एकटीक लागला असता ता आता तुकाव लागतला."

मी त्यांना बखोटीला धरून ओढायला लागले. एवढीशी बाई, पण जमिनीला चिकटल्यासारखी बसली. मी रडत होते, शिव्या देत होते, घाटावरच्या सगळ्या शिव्या. त्यांचा नुसता देवाचा जप चालला होता. शेवटी मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि विचारलं, तुम्हाला जीव द्यायचाय का, तेवढं सांगा, मग मी जाते.

तेव्हा त्या बोलल्या. "साहेबान सुनावणीत सांगल्यान हुता. गावात एक माणूस असलो तरी सुरुंग लावचंव नाय. सगळ्यांनी आयकला." त्यांनी माझा हात धरला. "मी माणूस असंय मां?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, अहो, पण तुम्ही इथं बसलाय हे त्यांना कळणार कसं. वरून त्यांना कौलंच दिसतात.

"धूर दिसतलो," त्या म्हणाल्या. "गावपळणीत चूल पेटणा नाय. धूर दिसलो की समजतले, माणूस असा. आणि लवू वर असा. तो आपल्या घराचो धूर वळाखतलो."

म्हणजे सगळं ठरवून केलेलं होतं. वाट चुकली नव्हती की भ्रम झाला नव्हता. लेकाला सांगितलं असतं तर त्यानं येऊ दिलं नसतं, मला सांगितलं असतं तर मी बोंब मारली असती, म्हणून कोणालाच न सांगता ही बाई आपल्या देवाचा नियम मोडायला आली होती. सरकारचा नियम साहेबानं पाळावा म्हणून. आणि इथं येऊन हात चालेना.

"मग पेटवा ना," मी म्हटलं.

"माज्यान जावचा नाय गो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "पाय ठेवलंय ता एक. पण तो घरात असताना चूल पेटवची... तो खंय बसलो असात, माका काय म्हायत? ह्या बघ, हात चलना नाय."

त्या खरोखर कोपऱ्याकडं बघत होत्या. मीही बघितलं. काही नव्हतं, पाटावरवंटा होता. पण त्यांची भीती इतकी खरी होती, की मला त्या कोपऱ्याकडं पाठ करवेना. बाहेर दुसरा भोंगा वाजला.

त्या भोंग्यानं मला हलवलं. माझी भीती वरची होती आणि त्यांची आतली, आणि त्या घडीला वरची जवळ आली होती. मी त्यांच्या हातातली पेटी हिसकावली. आत काड्या उरल्या होत्या दोनच. पहिली विझली. दुसरी मी दोन्ही हातांच्या ओंजळीत धरली, करवंटीच्या शेंड्यांना लावली, आणि फुंकत राहिले. जीव घेऊन फुंकलं हो. करवंटी पेटली. मी वर ओली सोडणं टाकली, मग परसातून हिरवा पाला ओढून आणला, तोही टाकला. धूर असा उठला, की आम्हां दोघींना काही दिसेना. तो कौलांमधून बाहेर पडायला लागला तसं मी अंगणात जाऊन वर पाहिलं. पांढरा, जाड, सरळ वर चाललेला. वारा नव्हता. वर कड्याच्या काठावर लाल निशाण दिसत होतं, आणि माणसं मुंग्यांएवढी.

मी परत आत आले. खरं तर पळून जाता आलं असतं. धूर तर झालाच होता. पण सासूबाई उठायला तयार नव्हत्या. माणूस नसताना धूर म्हणजे खोटं होईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांना एकटीला टाकून माझेही पाय उचलेनात. दोघी जात्यापाशी, भिंतीला पाठ लावून बसलो. मी पाटावरचं पातेलं त्यांच्या डोक्यावर धरलं. आता हसू येतं. डोंगर येणार होता अंगावर, आणि माझ्या हातात पातेलं.

वाट बघण्याचा तो वेळ मला आजही आठवायला नको वाटतो. धुरानं डोळे चुरचुरत होते. सासूबाई माझ्या मांडीत नखं रुतवून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, तुका भय वाटता? मी म्हटलं, लई. त्या म्हणाल्या, "माकाव."

आणि तिसरा भोंगा सुरू झाला. चढायला लागला. मी डोळे घट्ट मिटले. भोंगा चढला, चढला, आणि मध्येच तुटला.

पुढं काही नाही. ना आवाज, ना धक्का. लाकूड तडतडत होतं तेवढंच. आम्ही हललो नाही. मग कुठून तरी, लांबून, व्हाळापलीकडून माणसांचा गलका ऐकू यायला लागला. चूल तशीच जळत ठेवून मी त्यांना उठवलं, दाराची कडी घातली आणि मागच्या बाजूनं, पोफळीतून, त्यांना जवळजवळ उचलून व्हाळापर्यंत आणलं. पलीकडं पाहिलं तर वळणावर चिटपाखरू नव्हतं. सगळं गाव वरच्या माळावर जमलं होतं, गावाकडं तोंड करून. आम्ही ओल्या लुगड्यांनी खोपीत शिरलो तरी कोणी पाहिलं नाही. लोक हात जोडून उभे होते. शेवंता धावत आली आणि मला म्हणाली, "शालन, तुमच्या घरात देव चूल पेटवन बसलो हा."

मीही हात जोडले. दुसरं काय करणार.

वर काय झालं ते संध्याकाळी बापू मेस्त्रीनं सांगितलं. तो त्याच टोळीत होता. साहेबाचा हात यंत्रावर होता. भोंगा लागला, आणि निशाण धरून उभ्या असलेल्या लवूनं खाली पाहिलं. निशाण त्याच्या हातून गळालं. बापू म्हणाला, असा पांढरा पडलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. साहेब ओरडला, क्या हुआ. आणि लवू तिथंच जमिनीवर आडवा पडला, हात जोडून, गावाकडं तोंड करून. म्हणाला, "देव चुलीशी बसलो. नाथ पेज रांधता. तेच्या माथ्यार दगड टाकतास?" भोंग्यावरच्या पोरानं हात काढला. एकेकानं टोपी काढली आणि सगळी टोळी लवूशेजारी आडवी पडली. साहेबानं सोमादादांना फोन लावला, गावात कोण आहे. सोमादादा म्हणाले, कोणीच नाही. मग धूर कोणाचा? नाथाचा, सोमादादा म्हणाले. साहेब बराच वेळ त्या धुराकडं बघत राहिला. अटीत माणसाबद्दल लिहिलेलं होतं, देवाबद्दल काहीच नव्हतं. पण वायरीला हात लावायला त्याच्याकडं माणूस उरला नव्हता, आणि स्वतःचा हात त्यानं मागं घेतला होता. भरलेली भोकं धुऊन काढायला बाहेरची माणसं आणावी लागली. तोवर गावपळण संपली आणि घरं पुन्हा माणसांनी भरली.

मालक रात्री खोपीत आले. आईच्या समोर बसून जेवले. मायलेकांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. हात धुताना फक्त म्हणाले, "तिसऱ्या भोंग्याक मी खाली बघलंय. पयल्याक बघूक व्हया हुता." त्यानंतर त्यांनी तो विषय आयुष्यात काढला नाही. खाणीवरही गेले नाहीत, सावंतांच्या आरागिरणीवर लागले.

देवाचा कौल घेऊन आम्ही गावात परतलो तेव्हा आख्खा गाव आधी आमच्या घरी आला. चुलीत राख होती, करवंट्यांचे तुकडे होते. बायकांनी उंबऱ्यावर पाणी घातलं. लोक राख कपाळाला लावत होते, पोरांच्या कपाळाला लावत होते, पुडीत बांधून नेत होते. चुलीपुढं नारळांची रास लागली. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या. त्या सगळ्याकडं बघताना त्यांचा चेहरा, काय सांगू तुम्हाला, सुरुंगाची वाट बघतानासुद्धा तसा नव्हता. मला कळत होतं. गाव चुलीच्या पाया पडत होतं, आणि ती चूल पेटवायला कोण आलं होतं, ते आम्हां तिघांना आणि त्यांच्या देवाला माहीत. त्या देवाच्या घरी चोरी करून सापडल्या असत्या तर बऱ्या राहिल्या असत्या, हे असं पूजलं जाणं त्यांना सोसवत नव्हतं. मी जवळ गेले, तर कानाशी पुटपुटल्या, सांगून टाकते. मालकांनी त्यांचं मनगट धरलं. सांगितलं तर काय, ते तिघांनाही ठाऊक होतं. साहेबाला कळलं असतं, की घाबरण्यासारखं काही नव्हतं, आणि पुढच्या गावपळणीला तो घरोघर माणूस पाठवून बघून घेणार, मगच कडा उडवणार.

सोमादादा नारळ घेऊन पुढं आले. गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा, पण चुलीसमोर उभे राहून ते थबकले. मागं वळून म्हणाले, "भागीवयनी, चूल तुजी. नाथान मान तुका दिल्यान. आज गाऱ्हाणा तू घाल." बाईमाणसानं गावाचं गाऱ्हाणं घातल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. सोमादादांनी नारळ सासूबाईंच्या हातात दिला.

मालकांनी मनगट सोडलं. सासूबाई पुढं गेल्या. मला वाटलं, आता संपलं, आता ही खरं सांगणार. त्यांनी चुलीकडं पाहिलं नाही, मागच्या त्या कोपऱ्याकडं पाहिलं.

"बा देवा म्हाराजा," त्या म्हणाल्या. आवाज फुटका होता, पण शेवटच्या माणसापर्यंत गेला. "कडो राखलंस, झर राखलंस."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

"ह्या चुलीशी काय घडला ता तू बघलंस. तुज्यापासून लपला नाय."

"व्हय म्हाराजा."

त्या थांबल्या. मालक माझ्या शेजारी उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"ह्या घरात जा काय चुकला असात, ता माज्या झिलाचा नाय, माज्या सुनेचा नाय. ता माजा एकटीचा. तेची काय शिक्षा असात ती माका एकटीक दी. पोरांक हात लावू नको, रे म्हाराजा."

गाऱ्हाण्यात चुकल्यामाकल्याची माफी मागायचीच असते. कोणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. सगळ्या गावानं हात जोडले आणि नेहमीसारखं, एका तोंडानं म्हटलं, "व्हय म्हाराजा."

माझ्या आणि मालकांच्या तोंडून मात्र शब्द निघाला नाही.